विज्ञानातून सूट : कोणाला आणि कशासाठी?

महाराष्ट्र राज्य माध्यमिक मंडळाचे दहावीच्या परीक्षेचे वेळापत्रक दरवर्षी शाळेच्या फलकावर लागते. तारीख, वार, वेळ आणि विषय एवढे पाहून आपण पुढे जातो. अलीकडच्या वर्षांतली ही वेळापत्रके जरा सावकाश वाचली, तर दोन ठिकाणी थांबावे लागते. गणित भाग १ च्या दिवशी 'अंकगणित' असा आणखी एक विषय आहे आणि विज्ञान व तंत्रज्ञान भाग १ च्या दिवशी 'शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र' असा. दोन्हींपुढे कंसात खुलासा आहे, की हे विषय फक्त पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी आहेत.

या दुसऱ्या ओळीविषयी आम्हाला लिहायचे आहे. तिचा अर्थ असा, की अपंगत्व असलेल्या मुलाला विज्ञान न घेताही दहावी होता येते. वर्गातली बाकीची मुले विज्ञानाचा पेपर लिहीत असतात, तेव्हा हे मूल दुसराच पेपर लिहिते. वर्ग एक, शाळा एक, गणवेश एक. विज्ञान मात्र वेगळे झालेले.

सवलतीमागचा हेतू चांगला आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. १९९६ मध्ये महाराष्ट्राने अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात केली. जादा वेळ मिळाला, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण कापणे थांबले, बीजगणित-भूमितीऐवजी सोपे गणित घेता येऊ लागले. त्यामुळे कित्येक मुले दहावीच्या उंबरठ्यावरून परत न फिरता पुढे गेली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी मुलाला घेऊन बसलेले आईबाप ज्यांनी पाहिले आहेत, ते या सवलतींना कधी नावे ठेवणार नाहीत. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला तर वेगळा अभ्यासक्रम हवाच.

आमचा आक्षेप वेगळा आहे. सवलत हा सर्व उपाय करून पाहिल्यानंतरचा मार्ग असायला हवा. प्रत्यक्षात ती पहिली सोय होऊन बसली आहे. मुलाला दिसत नाही किंवा त्याचा हात थरथरतो, एवढे कळले की 'याला विज्ञान झेपणार नाही, त्यापेक्षा गृहशास्त्र द्या' हा सल्ला लगेच मिळतो. तो देताना मुलाने विज्ञान शिकण्याचा प्रयत्न केला होता का, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे आपण शिकवण्याचा केला होता का, हे कोणी विचारत नाही. ज्याने दहावीपर्यंत विज्ञान केलेच नाही, तो अकरावीच्या विज्ञान शाखेत कशाच्या बळावर उभा राहणार? चौदा-पंधराव्या वर्षी घेतलेल्या या एका सोयीने पुढची सगळी दारे लागतात. मुलाला मात्र त्या वेळी वाटते, की बरे झाले, एक अवघड विषय गेला.

वर्गात बसणे आणि वर्गात असणे

काळाचौकी, लालबाग, परळ या भागांतल्या शाळांत विज्ञानप्रयोगांच्या निमित्ताने आमचे जाणे-येणे असते. अभ्युदयनगरच्या वसाहतीतली, जुन्या चाळींतली, एके काळच्या गिरणी कामगारांची नातवंडे या शाळांत शिकतात. शिक्षक कष्टाळू आहेत आणि वर्ग भरलेले आहेत. अपंगत्व असलेले मूल येथे बहुधा प्रेमाने सांभाळले जाते. त्याला पुढच्या बाकावर बसवतात, त्याचा डबा उघडून देतात, सहलीला आठवणीने नेतात. हे सारे खरे आणि मोलाचे आहे.

पण प्रयोगाचा तास आला की चित्र बदलते. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल, तर चाकाच्या खुर्चीतले मूल खालीच राहते. दृष्टिहीन मुलाला कोणी तरी सांगते, 'तू बस, तुला मी नंतर वाचून दाखवीन.' ऐकू न येणारे मूल बाईंच्या हातांकडे पाहत असते, आणि नेमके तेव्हाच बाई फळ्याकडे तोंड करून कारण सांगत असतात. तास संपला की प्रयोगवही मैत्रिणीकडून उतरवून घेतली जाते. विज्ञानाच्या शंभर गुणांपैकी प्रात्यक्षिकाचे वीस. ते त्या वहीवर मिळतात. मुलाने एकदाही परीक्षानळी हातात धरलेली नसते.

येथे आम्हाला बोचणारी गोष्ट सांगायला हवी. या मुलाला प्रयोगातून वगळणे आपल्याला इतके सोपे जाते, याचे कारण बाकीच्या मुलांचाही प्रयोग आपण बऱ्याच अंशी सोडून दिलेला आहे. साठ मुलांपुढे शिक्षक टेबलावर एकदाच प्रयोग करून दाखवतात. मागच्या चार रांगांना नळीतला रंग दिसत नाही. 'काय दिसले?' या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात छापलेले असते आणि मुले ते पुस्तकातून लिहितात. डोळे शाबूत असूनही त्यांनी काही पाहिलेले नसते. असा प्रयोग एका मुलाने केला नाही तर काय बिघडले, असे वाटणारच. प्रयोग ही करण्याची गोष्ट राहिली असती, तर एखाद्या मुलाला ती करता येत नाही हे लगेच टोचले असते आणि त्यावर काही तरी मार्ग काढावा लागला असता.

म्हणून अपंगत्व असलेले मूल वर्गात येणे ही आपल्या विज्ञान-शिक्षणाची एक चाचणी आहे. ज्या प्रयोगात त्याला जागा नाही, तो प्रयोग इतरांसाठी तरी कितपत जिवंत आहे, हे तपासून पाहण्याची वेळ आलेली असते.

वेगळ्या शाळेपासून एका वर्गापर्यंत

काळाचौकीच्या आसपासच्याच परिसरात या प्रश्नाचा मोठा इतिहास पडलेला आहे. दक्षिणेला जवळच माझगाव. भारतातली कर्णबधिर मुलांसाठीची पहिली शाळा तेथे १८८५ च्या सुमारास सुरू झाली. उत्तरेला दादर. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये अंध मुलांसाठी काढलेली शाळा पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ ची आणि वरळीचे हॅपी होम १९२५ चे. ज्या काळात या मुलांना भीक मागण्यावाचून दुसरा धंदा नाही असे समाज धरून चालला होता, त्या काळात या शाळांनी त्यांच्या हातांत ब्रेलची पाटी दिली. त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

पण वेगळ्या शाळा कितीही चांगल्या असल्या, तरी त्या थोड्या असतात आणि मोठ्या शहरांत असतात. शिवाय वेगळ्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला पुढे राहायचे असते ते सगळ्यांच्या जगात. हे त्या क्षेत्रातल्या माणसांनाच आधी जाणवले. मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांसाठी मिठू अलुर यांनी १९७२ मध्ये मुंबईत संस्था स्थापन केली आणि पुढच्या वर्षी कुलाब्याला विशेष शाळा सुरू केली. त्याच संस्थेने १९९९ मध्ये समावेशनासाठी राष्ट्रीय केंद्र उभारले आणि आपली मुले सर्वसाधारण शाळांत पाठवण्याचे काम हाती घेतले.

सरकारी कागदांवरही ही वाटचाल दिसते. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात अपंग मुलांना शक्यतो सर्वसाधारण शाळांत शिकवावे असे सुचवले. १९७४ मध्ये केंद्राची एकात्मिक शिक्षणाची योजना आली. १९९५ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा पहिला व्यापक कायदा झाला, २००९ मध्ये शिक्षणहक्काचा आणि २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा.

या २०१६ च्या कायद्यातली समावेशक शिक्षणाची व्याख्या शिक्षकांनी मुद्दाम वाचावी. अपंगत्व असलेली आणि नसलेली मुले एकत्र शिकतात, एवढ्यावर ती थांबत नाही. शिकवण्याची आणि शिकण्याची पद्धत निरनिराळ्या अपंगत्वांच्या मुलांच्या गरजांनुसार बदललेली असली पाहिजे, हा तिचा दुसरा अर्धा भाग आहे. आपण पहिला अर्धा भाग अमलात आणला आणि दुसरा परीक्षेतल्या सवलतींवर सोपवला. याच कायद्यात अभ्यासक्रमात व परीक्षेत करायच्या बदलांची उदाहरणे आहेत. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट ही ती उदाहरणे. विज्ञानातून सूट हे उदाहरण त्यांत नाही.

'निरीक्षण' म्हणजे केवळ पाहणे?

विज्ञानातच ही अडचण इतकी का यावी? आमच्या मते त्याचे मूळ एका शब्दात आहे. प्रयोगवहीतला 'निरीक्षण' हा शब्द 'ईक्ष्' म्हणजे पाहणे या धातूपासून आला आहे. त्यामुळे विज्ञान म्हणजे डोळ्यांनी पाहण्याचे शास्त्र, अशी आपली नकळत समजूत होते. संशोधनाच्या व्यवहाराशी ही समजूत जुळत नाही.

आम्ही ज्या प्रयोगशाळांत काम करतो, तेथे मोजायच्या बहुतेक गोष्टी कोणालाच दिसत नाहीत. क्ष-किरण दिसत नाहीत, रेणू दिसत नाहीत, चुंबकीय क्षेत्र दिसत नाही. उपकरण त्यांचे रूपांतर अशा कशात तरी करते जे माणसाच्या इंद्रियांना कळेल. बहुधा ते रूपांतर आलेखात होते, कारण उपकरणे बनवणारे आणि वापरणारे डोळस होते. त्याऐवजी ते आवाजात झाले असते तरी विज्ञानाचे काही बिघडले नसते. २०१५ मध्ये गुरुत्वलहरींचा पहिल्यांदा वेध घेतला गेला, तेव्हा शास्त्रज्ञांनी तो संकेत ध्वनीच्या रूपातही जगाला ऐकवला. दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होतानाचा तो चढत्या पट्टीचा क्षणभराचा आवाज दृष्टिहीन माणसाला आणि डोळस माणसाला सारखाच कळतो.

विज्ञानाच्या इतिहासातही याचे दाखले आहेत. इंग्लंडमधले निकोलस सॉन्डरसन वर्षाचे असताना देवीच्या साथीत दृष्टी गमावून बसले. १७११ मध्ये ते केंब्रिजला गणिताचे लुकासियन प्राध्यापक झाले. हे तेच पद, जे न्यूटनने भूषवले होते. आणि हा दृष्टिहीन माणूस तेथे प्रकाशशास्त्रावर व्याख्याने देत असे. किरणांच्या भूमितीसाठी त्यांना डोळ्यांची गरज पडली नाही.

आपल्या काळातले गेरात व्हरमेय हे आणखी बोलके उदाहरण. नेदरलँड्समध्ये १९४६ मध्ये जन्मलेले हे शास्त्रज्ञ तिसऱ्या वर्षापासून दृष्टिहीन. अमेरिकेत त्यांनी शंखशिंपल्यांच्या उत्क्रांतीवर आयुष्यभर काम केले, ते बोटांनी. खेकड्याने फोडायचा प्रयत्न केलेला आणि गोगलगायीने पुन्हा सांधलेला शंख त्यांच्या बोटांना ओळखू येई. त्या सांध्यांच्या खुणांवरून भक्षक आणि भक्ष्य यांच्यातल्या लाखो वर्षांच्या चढाओढीचा अभ्यास त्यांनी मांडला. येल विद्यापीठात प्रवेश घेताना त्यांची शंकेखोर परीक्षा झाली ती शंखांच्या संग्रहात. हातात दिलेले शंख त्यांनी चाचपून ओळखले आणि प्रवेश मिळाला. परीक्षा घेणाऱ्याने प्रश्न बरोबर विचारला होता. तुला दिसते का, असे न विचारता, तुला हे काम करता येते का, असे त्याने पाहिले.

ऐकू न येणाऱ्यांविषयीही हेच. ऑस्ट्रेलियात जन्मलेले जॉन कॉर्नफर्थ यांची श्रवणशक्ती दहाव्या वर्षापासून जाऊ लागली आणि विशीत पूर्ण गेली. व्याख्याने ऐकू येत नसत, म्हणून त्यांनी पुस्तके आणि प्रयोगमेज यांवर भर दिला. १९७५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तरीही ही नावे सांगताना आम्हाला थोडा संकोच वाटतो. नोबेल मिळवू शकेल अशाच मुलाला प्रयोगशाळेत जागा द्यायची, असा त्यातून अर्थ निघू नये. वर्गातली डोळस मुले काही सगळीच शास्त्रज्ञ होत नाहीत, तरी आपण त्यांना विज्ञान शिकवतो. तोच न्याय येथे लागू आहे.

काय करता येईल?

गिरणगावाला एक गोष्ट नव्याने सांगायला नको. साचेखात्यात शेकडो साचे एकदम धडधडत असत, तेव्हा शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसे. काम हातवाऱ्यांवर आणि ओठांच्या हालचालींवर चाले. एक इंद्रिय निरुपयोगी झाले की माणसे दुसऱ्याकडून काम घेतात. प्रयोगशाळेतही हेच करायचे आहे.

याचे उत्तम उदाहरण आपल्या कपाटातच धूळ खात असते. ते म्हणजे सोनोमीटर. तारेची कंप्रता नादकाट्याशी जुळली की नाही, हे कानाने ओळखणे अवघड असते. म्हणून तारेवर कागदाचा लहानसा दुमडलेला तुकडा ठेवतात. कंप्रता जुळली की तार जोराने कंप पावते आणि तुकडा उडून पडतो. कितीतरी पिढ्या हा प्रयोग असाच करत आल्या आहेत. म्हणजे ज्याला सुराचा कान नाही, त्याच्यासाठी डोळ्यांची सोय आपण केव्हाच करून ठेवली आहे. तिला कोणी 'सवलत' म्हणत नाही. सोय सर्वांसाठी असली, की ती पद्धत ठरते.

आता आम्ल-आम्लारीचा प्रयोग घ्या. लिटमसचा रंग दृष्टिहीन मुलाला कळणार नाही. पण एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गंधदर्शकांचा प्रयोग आलेला आहे. बारीक चिरलेल्या कांद्यात पातळ कापडाच्या पट्ट्या रात्रभर बंद करून ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी एका पट्टीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे आणि दुसरीवर विरल सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकावेत, पट्ट्या पाण्याने धुवाव्यात आणि वास घ्यावा. आम्लाच्या पट्टीला कांद्याचा वास राहतो, आम्लारीच्या पट्टीचा जातो. व्हॅनिला इसेन्सही असेच वागते. हा प्रयोग सगळ्या वर्गाला डोळे मिटून करायला लावावा. 'दर्शक' म्हणजे रंग बदलणारा द्रव, अशी जी अर्धवट समजूत मुलांची झालेली असते, तीही त्याने दुरुस्त होते.

मोजमापाचे उपाय आणखी सोपे आहेत. सुई काढलेल्या प्लास्टिकच्या सिरिंजच्या दांड्यावर दर मिलिलिटरला खाच पाडली, की द्रव बोटाने मोजता येतो. फूटपट्टीलाही अशाच खाचा पाडता येतात. डासांच्या जाळीचा तुकडा पुठ्ठ्यावर ताणून बसवावा, त्यावर कागद ठेवावा आणि मेणाच्या खडूने दाबून रेघ ओढावी. ती बोटाला लागते. भिंगाच्या किरणाकृती, पेशीची आकृती, आलेख हे सगळे असे काढता येते. किरणांसाठी दोरा डिंकाने चिकटवला तरी चालते.

रंग आणि प्रकाश यांसाठी एक छोटे उपकरण नववी-दहावीची मुले स्वतः बनवू शकतात. प्रकाश वाढला की ज्याचा रोध कमी होतो असा एलडीआर, ५५५ क्रमांकाची आयसी, दोन-चार सुटे भाग, एक छोटा स्पीकर आणि नऊ व्होल्टची बॅटरी. हे सगळे लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत मिळते. जोडणी अशी करायची, की एलडीआरचा रोध कमी झाला की आवाजाची पट्टी चढेल. मग बहिर्वक्र भिंगातून येणारा प्रकाश जेथे एकवटतो तेथे आवाज सर्वांत उंच लागतो, आणि नाभीय अंतर कानाने शोधता येते. परीक्षानळीत अवक्षेप आला की प्रकाश अडतो आणि आवाज उतरतो. फिनॉल्फथॅलिनचे द्रावण गुलाबी झाले, की ते हिरवा प्रकाश शोषून घेते. दिव्यापुढे हिरवा जिलेटिन कागद लावला असेल, तर अनुमापनाचा अंतिम बिंदूही ऐकू येतो. मात्र दिवा, नळी आणि एलडीआर यांच्या जागा पक्क्या हव्यात आणि बाहेरचा उजेड आत येता कामा नये. हे उपकरण बनवण्यात वर्गाचे जे विज्ञान शिकून होईल, ते एरवीच्या दहा प्रयोगांत होणार नाही.

ज्याचे हात चालत नाहीत त्या मुलाचे काय? लेखनिक जसा लिहितो, तसा जोडीदार हात चालवील. पण सूचना त्या मुलाने द्यायच्या. किती थेंब, केव्हा थांबायचे, पुन्हा का करायचे, हे त्याने ठरवायचे. यात लबाडी नाही. मोठ्या प्रयोगशाळांत प्रमुख शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे परीक्षानळीला हात लावत नाहीत, तरी प्रयोग त्यांचाच मानला जातो, कारण विचार त्यांचा असतो.

ऐकू न येणाऱ्या मुलासाठी खर्च असा नाहीच. बोलताना वर्गाकडे तोंड ठेवावे, नवा पारिभाषिक शब्द आधी फळ्यावर लिहावा, कृती आणि स्पष्टीकरण एकाच वेळी करू नये. ते मूल एका वेळी हातांकडे पाहील किंवा ओठांकडे. भारतीय सांकेतिक भाषेच्या राष्ट्रीय संशोधन केंद्राने २०२१ पर्यंत आपल्या कोशात सुमारे दहा हजार शब्द आणले आहेत आणि त्यांत शैक्षणिक संज्ञाही आहेत. संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून संसाधन केंद्र चालते. मदत मागायला जागा आहेत.

शिक्षकांच्या शंका

'साठ मुलांत एकासाठी एवढे कोठून करायचे?' ही शंका खरी आहे आणि तिच्यामागचा थकवाही खरा आहे. विशेष शिक्षक अनेक शाळा मिळून एक असला, तर त्याच्याकडून रोजच्या तासाची अपेक्षा करता येत नाही. परंतु वर सांगितलेला एकही उपाय एका मुलापुरता नाही. खाचांची सिरिंज सगळेच वापरू शकतात. फळ्यावर आधी लिहिलेला शब्द मागच्या बाकालाही उपयोगी पडतो. जोडीने प्रयोग केला, तर उपकरणांचे निम्मे संच पुरतात.

'अपघात झाला तर?' विरल द्रावणे, डोळ्यांवर चष्मा, उघडी ज्योत शक्य तेथे टाळणे हे नियम प्रत्येक मुलासाठी आहेत. दृष्टिहीन मुलासाठी एकच भर घालावी. बाटल्या कड असलेल्या ट्रेमध्ये ठराविक क्रमाने ठेवाव्यात आणि तो क्रम कोणी मोडू नये. हे मूल घरी चहा करत असेल, तर वर्गातही सांभाळून काम करील.

'गुण कशाचे द्यायचे?' हा सर्वांत चांगला प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर देताना आपण प्रात्यक्षिकातून नक्की काय शिकवतो, हे आपल्यालाच ठरवावे लागते. प्रयोगाची आखणी, मोजमाप, पुनरावृत्ती, निष्कर्ष आणि चूक कोठे होऊ शकते याची जाण या पाच गोष्टींना गुण दिले, तर अपंगत्व असलेल्या मुलासाठी निराळा निकष लागत नाही. सुबक आकृतीला गुण दिले, तर लागतो.

मंडळाकडून अपेक्षा

सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात सांगितले, की केवळ अपंगत्वाच्या टक्केवारीवरून कोणाला अपात्र ठरवू नये. तो अभ्यासक्रम पुरा करू शकतो का, हे तपासले पाहिजे. हेच तत्त्व दहावीच्या खोलीत का नसावे?

पर्यायी विषय मंडळाने ठेवावा, पण तो देण्यापूर्वी शाळेने नववीपर्यंत विज्ञान शिकवण्यासाठी कोणते बदल करून पाहिले, याची लेखी नोंद मागावी. आकृतीच्या प्रश्नाला तेवढ्याच गुणांचा पर्यायी प्रश्न छापील पत्रिकेतच असावा. केंद्रीय मंडळाने दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत वापरली आहे. प्रात्यक्षिकासाठी लेखनिकासारखा प्रयोग-साहाय्यक घेण्याची मुभा स्पष्ट शब्दांत द्यावी. पाठ्यपुस्तकातल्या प्रत्येक आकृतीचे चार ओळींचे वर्णन तयार करावे. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. निर्णय लागतो.

तोवर शिक्षकांनी थांबून राहण्याचे कारण नाही. या सत्रात आपल्या प्रयोगांच्या यादीतला एकच प्रयोग निवडा. त्यातले 'दिसते' हे क्रियापद खोडा आणि त्या जागी 'कळते' लिहा. मग तो कसा करता येईल, हे मुलांनाच विचारा. अपंगत्व असलेले मूल वर्गात असेल, तर पहिले उत्तर त्याच्याकडून घ्या, कारण या बाबतीत त्याचा अनुभव आपल्यापेक्षा जास्त आहे. गृहशास्त्र घ्यायचे की विज्ञान, हे त्याने दहावीत जरूर ठरवावे. पण त्याआधी विज्ञान त्याच्या हातांतून एकदा तरी गेलेले असावे.